सेनेगालांतील स्वयंसेवकाचे पहिले दिवस

नकाशांत आफ्रिका खंडाच्या अगदीं पश्चिम टोंकास जो देश दिसतो, तो सेनेगाल. १९६० सालापर्यंत तेथें फ्रेंचांचा अंमल होता, व सरकारी भाषा अजूनही फ्रेंचच आहे; परंतु बाजारांत व घरांत बहुतेकांच्या तोंडीं वोलोफ ही भाषा असते. ह्या देशांत १९६३ सालापासून अमेरिकेच्या ‘पीस कोअर’ ह्या संस्थेचे स्वयंसेवक शेती, आरोग्य वगैरे कामांकरितां जात आले आहेत. ही संस्था राष्ट्राध्यक्ष केनेडी ह्यांनीं १९६१ सालीं स्थापन केली. आपल्या देशांतही १९६१ पासून १९७६ पर्यंत तिचे स्वयंसेवक होते. जिमी कार्टर हे पुढें अमेरिकेचे अध्यक्ष झाले. त्यांच्या मातुश्री लिलियन कार्टर ह्या १९६६ सालीं, वयाच्या ६८ व्या वर्षीं, परिचारिका म्हणून मुंबईनजीक विक्रोळीस येऊन राहिल्या होत्या, ही गोष्ट आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल.

सेवा म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें देणारा हात उभा राहतो. परंतु सेनेगालांत नुकत्याच उतरलेल्या तरुणाचे दिवस कसे जातात हें पाहिलें, तर तो देत कांहींच नसतो. घेत मात्र असतो. किंबहुना तो अद्यापि स्वयंसेवकही नसतो. सुमारें तीन महिन्यांचें शिक्षण पुरें होऊन शपथविधि होईपर्यंत त्याची गणना उमेदवारांतच होते. राजधानी डाकारच्या पूर्वेस सुमारें ७० किलोमीटरांवर तिएस म्हणून रेल्वेचें जुनें शहर आहे. तेथें संस्थेचें शिक्षणकेंद्र आहे. थोडे दिवस केंद्रांत काढल्यावर उमेदवारास आसपासच्या एखाद्या कुटुंबांत राहावयास पाठवितात. पुढें ज्या भागांत जावयाचें असेल तेथील भाषा, मग ती वोलोफ असो, पुलार असो कीं सेरेर असो, त्यानें ह्या घरांत राहूनच तोंडीं बसवावयाची.

पहिला धडा नमस्काराचा. कोणी भेटलें असतां नुसता हात हालवून पुढें जाणें हा तेथें उद्धटपणा होय. ‘नांगा देफ’, म्हणजे कसे आहांत, असें विचारल्यावर उत्तर द्यावयाचें ‘मांगी फि’, म्हणजे मी येथेंच आहें. मग प्रश्न येतो, घरची मंडळी कोठें आहेत? आहेत तेथेंच. सर्व शांत आहे ना? शांतच आहे. एवढें झाल्यावांचून कामाचा शब्द काढावयाचा नाहीं. घड्याळाच्या कांट्यावर वाढलेल्या तरुणास हा प्रथम वेळेचा अपव्यय वाटतो. आमच्या खेड्यांतील पालकांस मात्र ह्यांत नवल वाटणार नाहीं; पाऊसपाणी, गुरेंढोरें, पोरेंबाळें ह्यांची विचारपूस झाल्याखेरीज आपल्याकडील वडीलधारीं माणसें तरी कोठें मुद्द्यावर येतात?

दुसरा धडा जेवणाचा, व आमच्या मतें तोच सर्वांत कठीण. मासे व भात ह्यांचें ‘चेबुजेन’ हें तेथील मुख्य अन्न. २०२१ सालीं युनेस्कोनें मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादींत त्याचा समावेश केला. त्यास अख्खा तांदूळ लागत नाहीं, कणी लागते. फ्रेंचांनीं आपल्या इंडोचायनांतील वसाहतींतून कणी आणून तेथें खपविली, आणि तीच लोकांच्या जिभेवर बसली. अलीकडे ती हिंदुस्थानांतूनही पुष्कळ जाते. म्हणून सप्टेंबर २०२२ मध्यें आपल्या सरकारनें कणीच्या निर्यातीवर बंदी घातली, तेव्हां सेनेगालासही त्याची काळजी पडली. (ही बंदी २०२५ सालीं उठली.) असो. एका मोठ्या परातींत भात पसरून मधोमध मासा, गाजर, वांगें, कोबी मांडतात व परातीभोंवतीं चटईवर सारीं माणसें बसतात. खावयाचें तें उजव्या हातानें, व आपल्या समोरच्या भागांतलेंच. मधल्या माशास आपण होऊन हात लावावयाचा नाहीं. घरची बाई तो मोडून एकेक तुकडा ज्याच्या त्याच्यापुढें टाकीत जाते, पाहुण्यापुढें अंमळ अधिकच. पोट भरलें म्हणतांच ‘जेव, जेव’ असा आग्रह सुरू होतो. उजव्या हाताचा नियम आपणांस कोणी सांगावयास नको. परंतु परक्या घरीं, एकाच परातींत, चार हातांबरोबर आपलाही हात घालावयाचा म्हटलें तर आपल्यांतील किती जण कचरतील? उष्ट्याचा विटाळ किती खोल मुरलेला असतो, हें मधल्या सुट्टींत मुलांचे डबे उघडतात तेव्हां आम्हां शिक्षकांस पाहावयास मिळतें.

पाण्याचे व डासांचे धडे थोडक्यांत सांगतां येतील. हिवतापावरील औषध नियमानें घ्यावयाचें, मच्छरदाणींत निजावयाचें, पाणी गाळून व शुद्ध करून प्यावयाचें. बादलीभर पाण्यांत आंघोळ उरकण्याचेंही शिक्षण घ्यावें लागतें, हें वाचून आमचे विद्यार्थी हंसतील.

घरची मंडळी उमेदवारास नवें नांव व आपलें आडनांव देतात. हें केवळ कौतुक नव्हे. तेथें कांहीं आडनांवांत थट्टेचें नातें असतें. न्जाय आडनांवाच्या माणसास जोप भेटला, कीं ‘तूं भाताचा अधाशी’ म्हणून तो त्यास चिडवितो, आणि जोपही तेंच उलट ऐकवितो. रागावण्याची सोय नाहीं. नव्यानें न्जाय झालेल्या परदेशी तरुणानें बाजारांत हें उत्तर अडखळत कां होईना दिलें, म्हणजे भोंवतालचीं माणसें हंसतात आणि भावासही कमी ताणून धरतात.

ह्या उपक्रमावर टीका करणारे आहेत. कामाचा अनुभव नसलेल्या नव्या पदवीधरानें दुसऱ्या देशांतील मुरलेल्या शेतकऱ्यास काय शिकवावें, हा प्रश्न आम्हांसही रास्त वाटतो. एका बलाढ्य सरकारच्या पैशानें चाललेल्या कार्यांत राजकारण मुळींच नाहीं असें मानणेंही भाबडेपणाचें होईल. तथापि ह्या तीन महिन्यांत त्याची पदवी त्याच्या कामीं येत नाहीं, हें आम्हांस महत्त्वाचें वाटतें. घरांतील लहान मूल त्याचे उच्चार सुधारतें; तो चुकला कीं सारें अंगण हंसतें; आणि त्याच अंगणांत उद्यां पुन्हां तोंड उघडावें लागतें. जो उमेदवार ह्यास कंटाळून खोलीचें दार लावून बसतो, त्याची भाषा तेथेंच खुंटते.

शेवटीं तोंडी परीक्षा असते. परीक्षक समोर बसून त्या भाषेंत गप्पा मारतो, व किती समजलें आणि किती बोलतां आलें ह्यावरून पायरी ठरवितो. मग शपथ होते, व दोन वर्षांकरितां दूरच्या गांवीं रवानगी. तेथें नवें घर, पुष्कळदां नवें नांव, आणि पहिल्याच दुपारीं परातीभोंवतीं चटईवर जागा.