निवृत्तीनंतरची हजेरी

"सर, आता मोकळंच हाय न्हवं, लिवा की एक दणक्यात कादंबरी," असे आमच्या कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतील दूधवाल्या मामांनी, म्हशीची धार चरवीत सोडता सोडता, मी महाविद्यालयातून सेवानिवृत्त झालो त्याच आठवड्यात मला फर्मावले. माझ्या निवृत्तिवेतनाचा कागद त्या वेळी एका कचेरीतील दफ्तरांच्या ढिगात कोठेतरी मुक्काम करून होता आणि त्याच्या तगाद्यासाठी घातलेल्या खेपांत माझा 'मोकळा' वेळ यथास्थित वसूल होत होता, ही गोष्ट मामांना ठाऊक नव्हती. परंतु त्यांच्या उद्गारामागील सिद्धान्त मात्र सुशिक्षितांतही सर्वमान्य आहे: प्राध्यापकाच्या अंतःकरणात कादंबरी असतेच, तासांच्या आणि उत्तरपत्रिकांच्या ओझ्याखाली ती दबून गेलेली असते आणि ओझे उतरले की आपोआप वर येते. गेली काही वर्षे या सिद्धान्ताचा पडताळा मी इतरांच्या चरित्रांत आणि स्वतःच्या टेबलापाशी घेत आलो आहे, आणि तो मला पुष्कळसा खोटा वाटतो.

प्रथम आमच्याच गावचा दाखला घ्यावा. प्रा. ना. सी. फडके 1926 मध्ये राजाराम महाविद्यालयात रुजू झाले आणि 1949 मध्ये, म्हणजे कोल्हापूर संस्थान मुंबई इलाख्यात विलीन झाले त्याच वर्षी, निवृत्त झाले. या तेवीस वर्षांत तर्कशास्त्रासारखा रुक्ष म्हणून बदनाम झालेला विषय शिकवीत असतानाच 'जादूगार' (1928), 'दौलत' (1929), 'अटकेपार' (1931) अशा कादंबऱ्या एकामागून एक प्रसिद्ध झाल्या, आणि लेखनाच्या तंत्राची मीमांसा करणारे 'प्रतिभासाधन'ही याच काळात बाहेर आले. निवृत्तीनंतर पुण्यास जाऊन त्यांनी विपुल लिहिले हे खरे. पण ज्या फडक्यांवर एका पिढीने जीव ओवाळून टाकला ते फडके घंटेच्या ठोक्यावर वर्गात शिरणारे होते, पेन्शनर नव्हते. त्यांच्या नायकनायिका आज मला कृत्रिम भासतात, हे माझे मत मी लपवीत नाही. तथापि ठरल्या वेळी आरंभ आणि ठरल्या वेळी समाप्ती करण्याची जी रचनेची शिस्त त्यांच्या प्रकरणांत दिसते, तिच्यावर पंचेचाळीस मिनिटांच्या तासाची छाया पडली असावी असा माझा तर्क आहे.

शिवाजी सावंत तर वयाने आणि हुद्द्यानेही धाकटे. आजऱ्याचा हा तरुण राजाराम हायस्कुलात टंकलेखन आणि लघुलेखन शिकवीत होता, आणि 1967 मध्ये 'मृत्युंजय' प्रसिद्ध झाली तेव्हा त्याचे वय सत्तावीस होते. पुढे 1983 मध्ये सावंतांनी केवळ लेखनासाठी स्वेच्छेने निवृत्ती पत्करली आणि 'युगंधर' वाचकांच्या हाती पडली 2000 साली. सवडीचा आणि कादंबरीचा संबंध सरळ त्रैराशिकाने मांडणाऱ्यांनी हा हिशेब एकदा ताळ्याशी लावून पाहावा.

या साऱ्या नामावळीत माझे मन ज्यांच्यापाशी पुनःपुन्हा घोटाळते ते वि. स. खांडेकर मात्र महाविद्यालयीन प्राध्यापक नव्हते, शिरोड्याच्या शाळेतील मास्तर होते. 1920 पासून अठरा वर्षे त्यांनी त्या सागरकाठच्या खेड्यात मुले शिकविली आणि 1938 मध्ये चाळिशीच्या उंबरठ्यावर ते कोल्हापुरास आले, ते निवृत्तीसाठी नव्हे, चित्रपटकथेच्या धंद्यासाठी. 'क्रौंचवध' 1942 ची, त्यानंतरची 'अश्रू' 1954 ची, आणि 'ययाति' 1959 ची: शाळेची हजेरी सुटलेल्या माणसाच्या आयुष्यात बारा वर्षांचा हा एवढा मोठा खंड पडतो, याचा अर्थ लावताना घाई करू नये. नजर तर त्यांची प्रथमपासूनच अधू, आणि अखेरच्या वर्षांत ती पार गेली. तेव्हापासून स्वतः तोंडाने सांगावे आणि दुसऱ्याने उतरून घ्यावे, असा लेखनाचा परिपाठ झाला. ज्याने हा प्रयोग घटकाभर तरी केला असेल त्यालाच त्यातील यातना कळेल. आपले वाक्य आपल्याला दिसत नाही. मागील परिच्छेद हवा असेल तर वाचून दाखविण्याची विनंती करावी लागते. शब्द अडला तर समोर कोणीतरी लेखणी उचलून वाट पाहत असते, आणि त्या स्तब्धतेची लाज वाटते. शिवाय लेखनाची वेळ आपली राहत नाही, ती लेखनिकाच्या सवडीची होते. ज्ञानपीठ पुरस्कार 1974 चा. तो ज्या हातांत आला त्या हातांतून लेखणी तोवर सुटली होती.

आता निवृत्तीनंतर मोठी कादंबरी देणारेही आहेत. भालचंद्र नेमाड्यांची 'हिंदू' 2010 मध्ये आली तेव्हा त्यांची विद्यापीठीय सेवा केव्हाच संपली होती; संगमनेरला पदार्थविज्ञान शिकविणाऱ्या रंगनाथ पठाऱ्यांची 'सातपाटील कुलवृत्तांत' 2019 ची. परंतु एकाने 'कोसला' पंचविशीत लिहिली होती आणि दुसऱ्याच्या 'ताम्रपट'ला नोकरीतच साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला होता. म्हणजे निवृत्तीने नवे बी पेरले नाही.

मग माझ्यासारख्या, साठीनंतर पहिला मसुदा मांडणाऱ्याने काय करावे? आमच्या पेठेत या प्रश्नाचे उत्तर तालमीत मिळते. पहाटे लाल मातीत उतरणाऱ्या पोरांपैकी खासबागेच्या मैदानात नाव काढणारा लाखांत एक, तरीही जोर आणि बैठका कोणालाच चुकत नाहीत, आणि वस्ताद विचारतो ते फक्त "काल का आला नाहीस?" एवढेच. मी साडेपाचाला बसतो, साडेआठाला उठतो. सुचले तरी उठतो, न सुचले तरी बसतो. सुरुवातीच्या दोनशे पानांत माझी सारी पात्रे व्याख्याने देत होती. एक शेतकरी दुष्काळाची चार कारणे क्रमाने सांगत होता आणि त्याची बायको ती वहीत टिपून घ्यायचीच काय ती बाकी होती! अध्यापकाची ही खोड मोडावयास मला दोन वर्षे लागली. साडेआठनंतरचा दिवस वाचनाचा. करवीर नगर वाचन मंदिर 1850 पासून उघडे आहे, तेव्हा सबब चालत नाही.

खरा शत्रू वेगळाच आहे. निवृत्त प्राध्यापक ही गावाची सार्वजनिक मालमत्ता समजली जाते: प्रस्तावना, परीक्षक मंडळे, स्नेहसंमेलने, शोकसभा, आणि ज्यांचे पुस्तक वाचले नाही त्यांच्या सत्काराचे अध्यक्षस्थान. 2024 च्या ऑगस्टात केशवराव भोसले नाट्यगृह आगीत भस्मसात झाले तेव्हा मात्र मी आपण होऊन दोन दिवस लेखन बंद ठेवले. शाहू महाराजांच्या वेळची ती वास्तू, आणि आयुष्यातले पहिले नाटक मी तेथेच पाहिले होते.

कादंबरी अद्याप अपुरी आहे. मामा रोज विचारतात आणि मी रोज "चाललंय" म्हणतो. दिवाळीच्या निमित्ताने कोल्हापुरास येणाऱ्या वाचकांचे आमच्या घरी स्वागतच आहे. फक्त सकाळी साडेआठच्या आत कडी वाजवू नये, ही नम्र विनंती.