रूक्ष हवा आणि त्वचेचा ओलावा

वाशीम, रिसोड, कारंजा या बाजूच्या कुटुंबांस हवेची दोन रूपे चांगलीच परिचित आहेत: पौषातील कोरडी थंडी आणि वैशाखातील रखरखीत ऊन. समुद्रापासून दूर असलेल्या या वऱ्हाडी मुलखात दोन्ही ऋतूंत हवेतील दमटपणा फार उणावतो. मग ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात, हातावर नख ओढले तर पांढरी रेघ उमटते. “पाणी पीत जा,” असा उपदेश अशा वेळी घरोघरी होतो. पाणी प्यावे हे खरेच; परंतु केवळ तेवढ्याने त्वचेची रूक्षता जात नाही, हे आम्ही येथे सांगू इच्छितो.

तळहात व तळपाय वगळता त्वचेचा सर्वांत वरचा थर कागदाहूनही पातळ असतो. त्यातील मृत पेशी विटांप्रमाणे रचलेल्या असून त्यांच्या सांध्यांत स्निग्ध द्रव्यांचा जणू चुनाच भरलेला असतो. तो शाबूत असेतोपर्यंत आतील पाणी सावकाश बाहेर पडते. कढत पाणी व साबण यांनी तो झिजला, की कोरडी हवा ओलावा ओढून नेते. फुटक्या रांजणात घागरी ओतण्यापेक्षा आधी रांजण लिंपावा, हेच शहाणपणाचे.

तेलकट चेहराही पाण्यावाचून सुकलेला असू शकतो. असा चेहरा धुतल्यावर ताठरतो, आणि तेलकटपणा जावा म्हणून पुनःपुन्हा साबण लावल्यास अधिकच बिघडतो.

यावरील उपचार अल्पखर्चाचे आहेत. स्नान कोमट पाण्याने व दहा मिनिटांच्या आत उरकावे. साबण काखा, जांघा व पाय यांपुरताच वापरावा. अंग खसखसून न पुसता टिपावे आणि ते ओलसर असतानाच खोबरेल तेलाचा किंवा व्हॅसलीनचा पातळ हात फिरवावा. अभ्यंगाचे तेल उटण्याने व साबणाने बरेचसे निघून जाते. म्हणून कोरड्या दिवसांत स्नानानंतरचा हा हात विसरू नये. ग्लिसरीन निर्भेळ न लावता पाण्यात मिसळून लावावे व त्यावर तेलाचे बोट फिरवावे. टाचांस रात्री कोकणातील आमसुलाचे तेल किंचित कोमट करून चोळावे. मधुमेही माणसाच्या भेगा मात्र वैद्यकीय सल्ल्यावाचून घरी हाताळू नयेत. त्यांतून जखम चिघळण्याचे भय असते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. त्वचा कोरडी होणे निराळे आणि शरीरातील पाणी आटणे निराळे. जुलाब लागलेल्या बालकाच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर ती सावकाश पूर्ववत होत असेल, डोळे खोल गेले असतील, तर तेथे तेलाचा काही उपयोग नाही. क्षारसंजीवनी ताबडतोब, थोडी थोडी पाजण्यास आरंभ करावा. पुडी नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर व सपाट अर्धा चमचा मीठ विरघळवावे, आणि डॉक्टरांकडे नेण्यास विलंब लावू नये. वृद्धांची कातडी मुळातच सैल असल्याने त्यांच्या बाबतीत चिमटीची खूण फसवी ठरते. कोरडी जीभ, थोडी व गडद लघवी, बोलण्यातील भ्रम, यांकडे घरच्या माणसांनी लक्ष द्यावे. वैशाखात आजोबा-आजींनी पाणी मागण्याची वाट न पाहता ते वेळोवेळी त्यांच्या हाती द्यावे.