शिसे, ज्योत आणि लाकडी थापी

1930 ते 1950च्या दशकांतल्या एखाद्या अमेरिकी किंवा ब्रिटिश गाडीचा रंग खरवडला, तर छत आणि मागचा मडगार्ड जिथे मिळतात तिथे पुष्कळदा करड्या, मऊ धातूचा पट्टा सापडतो. ती नंतरची डागडुजी असेलच असे नाही. अनेकदा गाडी कारखान्यातूनच तशी आलेली असते. दोन पत्रे वेल्ड करायचे, सांध्यावर शिसे-कथिलाचे मिश्रण चढवायचे आणि जोड दिसेनासा होईपर्यंत कानस चालवायची, अशी तेव्हाची रीत होती. 1950च्या दशकात पॉलिएस्टरची पुट्टी आली. ती स्वस्त होती, तिला ज्योत लागत नव्हती, आणि हे कसब बहुतेक गॅरेजांतून गेले.

कॅलिफोर्नियात मात्र त्याच काळात ते ऐन भरात होते. सॅम आणि जॉर्ज बॅरिस हे भाऊ मर्क्युरी गाड्यांची छपरे कापून बुटकी करत, कोपरे गोल करत आणि सगळे सांधे शिशाने भरत. 1951च्या मर्क्युरीवर त्यांनी घडवलेली ‘हिरोहाता मर्क’ आजही या कामाचा मानदंड मानली जाते. अशा गाड्यांना ‘लेड स्लेड’, म्हणजे शिशाची घसरगाडी, हेच नाव पडले. दूरदर्शन मालिकेतली 1966ची बॅटमोबिल बनवणारा तो हाच जॉर्ज.

या धातूचे सगळे मर्म तापमानात आहे. शिसे 327 अंश सेल्सियसला वितळते, कथील 232ला. पण 70 भाग शिसे आणि 30 भाग कथील एकत्र केले की मिश्रण 183 अंशांनाच मऊ पडू लागते आणि पूर्ण पातळ व्हायला सुमारे 260 अंश घेते. या मधल्या पट्ट्यात ते ना घट्ट ना पातळ असते. थापीने ढकलावे तिकडे सरकते आणि तिथे थांबते. इलेक्ट्रॉनिक्सच्या कामातला 63-37 प्रमाणाचा डाख इथे कुचकामी, कारण तो 183 अंशांना एकदम पातळ होतो आणि उभ्या दारावरून ओघळून जमिनीवर पडतो.

शिकणाऱ्याला घाई असते ती शिसे वितळवण्याची. खरे काम त्याआधीचे आहे. पोचा हातोडी आणि डॉलीने (पत्र्याच्या मागे धरायच्या लोखंडी ठोकळ्याने) शक्य तितका काढून घ्यायचा. शिसे पत्र्याच्या वळणातली शेवटची उणीव भरण्यापुरतेच. मग रंग, गंज, तेलकटपणा सगळे काढून, भरायच्या जागेपेक्षा चार बोटे जास्त पत्रा लखलखीत करायचा. त्यावर कथील आणि फ्लक्स असलेली पेस्ट लावून मंद ज्योत फिरवायची. पेस्ट तपकिरी होऊन तिच्यात चांदीसारखी चमक उतरली की स्वच्छ फडक्याने पुसून घ्यायचे. ज्यांनी दारावर येणाऱ्या कल्हईवाल्याला नवसागर टाकून पातेले उजळताना पाहिले आहे, त्यांना ही पायरी वेगळी समजवावी लागणार नाही. कुठे काळा ठिपका राहिला तर तिथे शिसे धरणार नाही. फ्लक्सचे उरलेले क्षार पाण्याने धुऊन जागा कोरडी केल्याशिवाय पुढे जायचे नाही.

यानंतर पत्रा आणि शिशाच्या कांडीचे टोक एकत्र गरम करायचे, कांडी दाबून पिळायची, म्हणजे गोळे पत्र्याला चिकटतात. मग मेण किंवा चरबी लावलेली लाकडी थापी. पृष्ठभाग निस्तेज असतो, ऊब लागली की चमकू लागतो, तेवढ्यात थापी चालवायची. आरशासारखा झाला की ज्योत बाजूला, नाहीतर सगळे घसरते. ज्योत सतत हलती हवी. एका जागी रेंगाळली तर पत्राच लाटा धरतो, आणि ते दुरुस्त करणे मूळ पोच्यापेक्षा कठीण.

भराव थोडा उंच ठेवून, थंड झाल्यावर वक्र दातांच्या बॉडी कानशीने उतरवायचा. ग्राइंडर किंवा सँडर अजिबात नको. कानशीतून निघणारे जाड कण खाली पडतात, यंत्रातून उडणारी बारीक धूळ फुफ्फुसात जाते. शिशाची सुरक्षित म्हणावी अशी कोणतीही मात्रा जागतिक आरोग्य संघटनेला माहीत नाही, आणि सर्वात जास्त इजा लहान मुलांच्या मेंदूला होते. म्हणून मास्क, हातमोजे, खेळती हवा, कामाचे कपडे घरच्या कपड्यांत न धुणे आणि कामाच्या जागी चहाचा कपसुद्धा न ठेवणे, यात सवलत नाही. शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने फ्लक्सचे उरलेले आम्ल मारायचे आणि मेणाचा अंश पुसून काढायचा, तरच प्रायमर टिकतो.

इतका खटाटोप सगळीकडे करावा, असे मी म्हणणार नाही. दाराच्या मधोमध उथळ पोचा असेल तर चांगली पुट्टी पुरते. पण दाराची कड, बॉनेटचे टोक, वेल्ड केलेला सांधा, जिथे धक्के बसतात आणि पुट्टी टवका होऊन उडते, तिथे शिशाला तोड नाही. ते पत्र्याला धातूला धातू जोडावा तसे जोडले जाते आणि पाणी शोषत नाही.

शिकायचे असेल तर आपल्या गाडीला हात लावू नका. भंगारवाल्याकडून एक जुना मडगार्ड आणा. आधी तो आडवा ठेवून भरा, जमला की उभा करा, आणि उभ्यावरून एकही थेंब ओघळेनासा झाला की मगच गाडीजवळ जा.