बहात्तराव्या घराचा वाद

कॉलेजांतील रसायनशाळेच्या भिंतीवर एक मोठें कोष्टक टांगलेलें असतें. प्रत्येक घरांत एका मूलद्रव्याचें चिन्ह व त्याचा अनुक्रमांक. रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्ह यानें १८६९ सालीं असें कोष्टक मांडलें, तेव्हां अणूच्या पोटांत काय दडलें आहे याची कोणासच वार्ता नव्हती. मूलद्रव्यें अणुभाराच्या चढत्या क्रमानें लावीत गेल्यास ठराविक अंतरानें तेच ते गुण पुन्हां डोकावतात, हें त्यानें पाहिलें आणि समान गुणांचीं मूलद्रव्यें एका रांगेंत बसविलीं. आज ह्या रांगा उभ्या असतात. योग्य मूलद्रव्य मिळेना तेथें घर मोकळें ठेवण्याचें धारिष्टही त्यानें दाखविलें. त्यांपैकीं एक घर १८७५ मध्यें गॅलियमनें भरलें. परंतु गुण असे फिरून फिरून कां यावेत, याचें उत्तर कोष्टकापाशीं नव्हतें.

तें पुढें इलेक्ट्रॉनपाशीं निघालें. अणु म्हणजे एक जुना वाडा समजावा. मध्यें धनविद्युत्-भारित केंद्र, भोंवतीं एकाबाहेर एक अशीं कवचें, आणि त्यांत ऋणविद्युत्-भारित इलेक्ट्रॉनांची वस्ती. सोडियमचे इलेक्ट्रॉन ११: आंत २, त्याबाहेर ८ आणि ओसरीवर एकटा १. पोटॅशियमचे १९: २, ८, ८ आणि ओसरीवर पुन्हां एकच. माजघरांतला संसार लहानमोठा असेल, पण आल्यागेल्याची गांठ पडते ती ओसरीवरच्याशीं. म्हणूनच दोन्ही धातु पाण्याशीं सारखेच झगडतात. क्लोरीनच्या ओसरीवर ७ आहेत व त्यास आठवा हवा असतो. सोडियम आपला एक त्यास देऊन टाकतो आणि स्वयंपाकघरांतील मीठ तयार होतें. निऑनचे ८ पुरे आहेत, त्याला कोणाशींच देणें-घेणें नाहीं. व्यवहार करणाऱ्या ह्या इलेक्ट्रॉनांस संयुजा-इलेक्ट्रॉन म्हणतात, आणि उभी रांग एक म्हणजे बहुधा त्यांची संख्या एक. लोखंडासारख्या मधल्या रांगांतील धातूंत आंतले कांहीं इलेक्ट्रॉनही व्यवहारांत हात घालतात. तेथें हिशेब इतका सरळ राहत नाहीं.

ह्या हिशेबाची खरी कसोटी ७२ व्या घरानें घेतली.

५७ ते ७१ ह्या मूलद्रव्यांस दुर्मिळ मृत्तिकांचा वर्ग म्हणत. त्यांत नवा येणारा इलेक्ट्रॉन ओसरीवर न बसता बहुधा थेट आंतल्या कोठीच्या खोलींत शिरतो. बाहेरचें रूप त्यामुळें पालटत नाहीं, आणि हीं भावंडें एकमेकांपासून वेगळीं काढतांना रसायनज्ञांचीं वर्षेंच्या वर्षें खर्चीं पडलीं. मोझ्ली ह्या तरुण इंग्रजानें १९१३ सालीं क्ष-किरणांच्या साहाय्यानें मूलद्रव्यांस पक्के अनुक्रमांक दिले, तेव्हां ७२ चें घर रिकामें असल्याचें निश्चित झालें. पॅरिसच्या युर्बेनचा १९११ पासूनच दावा होता कीं, आपणांस दुर्मिळ मृत्तिकांतच आणखी एक मूलद्रव्य, ‘सेल्टियम’, मिळालें आहे. त्याचा नमुना मोझ्लीनें तपासला. ७२ च्या रेषा कांहीं दिसल्या नाहींत. मोझ्ली १९१५ मध्यें गॅलिपोलीच्या रणांत पडला. त्याचें वय अवघें २७ होतें.

१९२२ मध्यें पॅरिसमध्यें डोव्हिलिए यास दोन अस्पष्ट रेषा दिसल्या आणि दावा पुन्हां उभा राहिला. इकडे कोपनहेगनला नील्स बोर याचें गणित वेगळें सांगत होतें. कोठीच्या खोलींत चौदांपलीकडे जागा नाहीं. ती ७१ पाशीं भरते. तेव्हां ७२ व्याचे संयुजा-इलेक्ट्रॉन तीन नव्हेत, चार असले पाहिजेत, आणि त्याचें आप्त म्हणजे वरच्या घरांतील झिर्कोनियम. युर्बेन खरा ठरता तर बोरच्या साऱ्या मांडणीचा पायाच डळमळला असता.

कोस्टर व हेवेशी ह्या बोरच्या सहकाऱ्यांनीं मृत्तिकांचा नाद सोडून झिर्कोनियमचीं खनिजें क्ष-किरणांखालीं धरलीं. ७२ च्या रेषा ठसठशीत उमटल्या! बोर त्या वेळीं नोबेल पारितोषिक स्वीकारण्यासाठीं स्टॉकहोमला गेला होता. बातमी त्यास टेलिफोननें कळली, आणि ११ डिसेंबर १९२२ च्या व्याख्यानाच्या अखेरीस त्यानें ती जाहीर केली. कोपनहेगनच्या लॅटिन नांवावरून मूलद्रव्यास हॅफ्नियम हें नांव मिळालें. पॅरिसकरांचा रुसवा मात्र पुढें कित्येक वर्षें टिकला.

झिर्कोनियम १७८९ पासून ठाऊक होतें. तें हाताळणाऱ्या प्रत्येकाच्या मुठींत थोडें हॅफ्नियमही होतें, पण ओसरी इतकी सारखी कीं शंभरांवर वर्षें कोणासही संशय आला नाहीं. ह्या साम्याचा जाच आजही आहे. तारापूरच्या अणुवीजकेंद्रांत इंधन झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या नळ्यांत भरतात, कारण न्यूट्रॉन त्यांतून बहुतांशीं निर्वेध जातात. हॅफ्नियम तेच न्यूट्रॉन अधाशासारखें गिळतें. हा फरक केंद्राचा, ओसरीचा नव्हे; म्हणून साध्या रासायनिक युक्तीस तो दाद देत नाहीं, आणि नळी ओढण्यापूर्वीं त्या दोघांना टप्प्याटप्प्यानें, पुन्हां पुन्हां विद्रावकांतून काढून विलग करावें लागतें.