संगणकाच्या पोटात – ९ : फाइल उघडायची, पण चालवायची नाही

गेल्या आठवड्यात आपण सी भाषेतला प्रोग्रॅम कंपाइल केला आणि तयार झालेली फाइल तशीच ठेवून दिली. तीच फाइल मी लॅपटॉपवरून रास्पबेरी पायवर नेली आणि चालवायला गेलो, तर उत्तर आलं : ‘एक्झेक फॉरमॅट एरर’. फाइल शाबूत होती, परवानग्याही बरोबर होत्या. मग बिनसलं कुठे? ते तिच्या पहिल्या वीस बाइटमध्येच लिहिलेलं होतं.

लिनक्सवरचा कंपाइल झालेला प्रोग्रॅम ‘एल्फ’ रचनेत असतो. युनिक्स सिस्टिम फाइव्हकडून आलेली ही रचना. तिचे पहिले चार बाइट ठरलेले : १२७, ६९, ७६, ७०. शेवटचे तीन म्हणजे ई, एल, एफ ही अक्षरंच. शून्यापासून मोजत अठराव्या बाइटला पोचलो की प्रोसेसरचा क्रमांक मिळतो. माझ्या फाइलमध्ये तिथे ६२ होता, म्हणजे इंटेल-एएमडीचा ६४ बिटी प्रोसेसर. पायवरच्या ६४ बिटी लिनक्सला हवा होता १८३, म्हणजे आर्म.

हे बाइट हाताने मोजत बसायची गरज नाही. एली बेंडरस्की यांनी लिहिलेली ‘पायएल्फटूल्स’ ही लायब्ररी निव्वळ पायथॉनमध्ये आहे, पिपच्या एका आज्ञेत बसते. फाइल बायनरी मोडमध्येच उघडा (हे हमखास विसरतं), ती ‘ईएलएफफाइल’ या क्लासच्या हाती द्या आणि एकेका सेक्शनचं नाव, प्रकार, आकार छापा. ‘रीडएल्फ’ हे लिनक्सवरचं साधनही हे दाखवतं, पण पाचशे फाइलींना एकच प्रश्न विचारायचा असेल तेव्हा त्याच्या छापील ओळी चाळत बसण्यापेक्षा लायब्ररी शंभर पटींनी बरी.

आता एक प्रयोग कराच. प्रोग्रॅममध्ये दहा लाख इंटिजरचा ग्लोबल अ‍ॅरे घ्या, किंमत देऊ नका. ‘बीएसएस’ सेक्शनचा आकार चाळीस लाख बाइट दिसेल, फाइल मात्र तेवढीच राहील. कारण सगळी शून्यंच असतील तर ती साठवायची कशाला? नुसता आकडा नोंदवला की पुरे. जागा प्रोग्रॅम सुरू होताना मिळते. आता पहिल्या घरात फक्त ७ लिहा आणि पुन्हा कंपाइल करा. अख्खा अ‍ॅरे ‘डेटा’ सेक्शनमध्ये जातो आणि फाइल चाळीस लाख बाइटांनी फुगते. एका सातासाठी! सेक्शन म्हणजे काय, हे मला पुस्तकापेक्षा या प्रयोगाने जास्त कळलं.

या सगळ्यात प्रोग्रॅमची एकही आज्ञा चालली नाही, आपण फक्त बाइट वाचले. लायब्रऱ्यांची यादी दाखवणारं ‘एलडीडी’ मात्र त्याच्या काही आवृत्त्यांत, काही परिस्थितीत प्रोग्रॅमच सुरू करू शकतं. त्याच्या माहितीपानावर तसा इशाराही आहे. तेव्हा कुठूनही आलेल्या अनोळखी फाइलवर एलडीडी चालवू नका. थेट लागणाऱ्या लायब्रऱ्यांची नावं ‘डायनॅमिक’ सेक्शनमध्ये असतात, तिथूनच वाचा.