दाबव्रण कशाने होतो?

मज्जारज्जूला (पाठीच्या कण्यातून जाणारा चेतातंतूंचा जुडगा) इजा झालेल्या माणसाच्या माकडहाडापाशी जखम झाली, की घरच्यांच्या सेवेला बोल लागतो. बहुतेकदा तो अन्यायाचा असतो. दाबव्रण (सततच्या दाबाने त्वचा आणि आतले मांस मरून होणारी जखम) रोज अंघोळ घातलेल्या अंगावरही होतो. पाइपवर पाय पडला की पुढची धार थांबते, तसा हाड आणि बैठक यांच्यामध्ये दबलेल्या भागाचा रक्तपुरवठा थांबतो. आपण अवघडलो की नकळत हलतो; संवेदना गेलेल्याला अवघडल्याचे कळतच नाही.

ओलावा यात भर घालतो. मुळशीच्या पावसात, रिहे गावासारख्या ठिकाणी, कपडे नीट वाळत नाहीत, म्हणून तिथे जास्त जपावे. पण मूळ कारण दाबच.

म्हणून व्हीलचेअरमध्ये १५ ते ३० मिनिटांनी हातांवर जोर देऊन अंग उचलावे किंवा पुढे झुकावे; अंथरुणात साधारण २ तासांनी कूस बदलावी. मध्ये भोक असलेली गोल उशी टाळावी, तिच्या कडेने दाब वाढतो. दाबव्रणाची पहिली खूण म्हणजे लाली; पण सावळ्या त्वचेवर ती चटकन दिसत नाही. तिथे हात लावून ऊब किंवा कडकपणा पाहावा. असा भाग तेल लावून चोळू नये, आतली इजा वाढते. त्यावरचा भार काढूनही फरक पडला नाही, तर डॉक्टरांना दाखवावे.