कट्ट-कडकट्ट : तारायंत्राची गोष्ट

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांचा मोठा पराभव झाला. त्या वेळी नानासाहेब पेशवे कुमक घेऊन उत्तरेकडे निघाले होते. ते माळव्यात भेलशापर्यंत, म्हणजे आजच्या विदिशापर्यंत, आले होते. पण रणांगणावर काय घडले हे त्यांना कित्येक दिवसांनी, एका सावकारी पत्रातून कळले. त्या काळी बातमीचा वेग म्हणजे बातमी नेणाऱ्या जासुदाच्या पायांचा किंवा घोड्याचा वेग. नदीला पूर आला की बातमीही काठावर थांबे.

हे बंधन तोडले ते तारायंत्राने. माणूस किंवा कागद जागचा न हलता निरोप पुढे जाऊ लागला. दूरच्या संपर्कातला खरा बदल हाच. टेलिफोन, रेडिओ, इंटरनेट ही सगळी त्याच्या पुढची पावले आहेत.

यंत्राची रचना तशी सोपी. एका टोकाला बॅटरी आणि बोटाने दाबायची कळ, दुसऱ्या टोकाला विद्युतचुंबक, आणि मध्ये लांबच लांब तार. कळ दाबली की तारेतून वीज वाहते, पलीकडचा चुंबक लोखंडाची पट्टी ओढून घेतो आणि ‘कट्ट’ असा आवाज होतो. कळ थोडा वेळ दाबली तर ठिपका, जास्त वेळ दाबली तर रेघ. अमेरिकेच्या सॅम्युअल मोर्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी या ठिपक्या-रेघांची लिपी तयार केली. इंग्रजीत ‘ई’ हे अक्षर सर्वांत जास्त वेळा येते, म्हणून त्याला फक्त एक ठिपका. ‘टी’ला फक्त एक रेघ. वारंवार लागणाऱ्या अक्षराला छोटी खूण दिल्याने वेळ वाचला. २४ मे १८४४ रोजी मोर्सने वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला पहिला जाहीर संदेश धाडला.

आपल्या देशात तार आणली ती विल्यम ओ’शॉनेसी या डॉक्टराने. तो कलकत्त्याला रसायनशास्त्र शिकवीत असे. १८३९ मध्येच त्याने तेथे तारेचे प्रयोग केले होते. पुढे कलकत्ता ते डायमंड हार्बर ही पहिली तार टाकली गेली. या कामात शिवचंद्र नंदी हे त्याचे भारतीय सहकारी होते. गव्हर्नर जनरल डलहौसीने या कामाला जोर दिला आणि मार्च १८५४ मध्ये कलकत्ता ते आग्रा हा सुमारे ८०० मैलांचा मार्ग सुरू झाला. आग्र्याहून मुंबईकडे जाणारी तार ग्वाल्हेर आणि इंदूरवरूनच गेली. म्हणजे आपला माळवा अगदी सुरुवातीपासून या जाळ्यात होता. १८५५ पासून सामान्य लोकांनाही पैसे भरून तार करता येऊ लागली.

तारेत ताकद होती, आणि ती पहिल्यांदा हाती आली राज्यकर्त्यांच्या. ११ मे १८५७ रोजी मेरठचे शिपाई दिल्लीत शिरले. दिल्लीच्या तारघरातून अंबाल्याला निरोप गेला, तेथून तो पंजाबात पोहोचला. लाहोरच्या हिंदी पलटणींना ही बातमी कळण्याआधीच, १३ मे रोजी, त्यांची शस्त्रे काढून घेण्यात आली. बंडवाल्यांनी ठिकठिकाणी तारा तोडल्या त्या उगाच नव्हे. बातमी ज्याला आधी कळते त्याचा हात वर राहतो, हे दोन्ही बाजूंना उमगले होते.

पुढे समुद्राच्या तळाशीही तारा पडल्या. १८७० मध्ये सुएझमार्गे आलेली तार मुंबईला लागली आणि जिथे विलायतेचे पत्र यायला महिना लागे, तिथे निरोप काही तासांत येऊ लागला. रेल्वेगाड्यांचे नियंत्रण, कापसाचे भाव, वर्तमानपत्रांतल्या ताज्या बातम्या, सारे तारेवर चालू लागले.

घराघरांत मात्र तारेचा अर्थ वेगळा होता. पुण्या-मुंबईपासून दूर राहणाऱ्या आपल्या कुटुंबांत सायकलवरून तारवाला दारात आला की आधी काळजात धस्स होई. इंग्रजी जाणणारा कोणी शेजारी शोधून तार वाचून घ्यावी लागे. ‘अमुक अत्यवस्थ, ताबडतोब निघा’ एवढेच त्यात असे, कारण प्रत्येक शब्दाचे पैसे पडत. सविस्तर हकीकत मागाहून पत्राने यायची. पण तार नेहमी वाईटच नसे. नोकरी लागल्याची, बारशाची, लग्नाच्या शुभेच्छांचीही तार येई. शुभेच्छांची वाक्ये तर ठरलेली असत आणि फक्त त्यांचा क्रमांक सांगितला की काम भागे. स्वातंत्र्यानंतर देवनागरीतूनही तार पाठवता येऊ लागली.

मोबाईल आणि एसएमएस आल्यावर तारेचे काम संपले. १४ जुलै २०१३ रोजी आपल्या देशात शेवटच्या तारा स्वीकारल्या गेल्या. त्या दिवशी केवळ आठवण म्हणून तार करायला अनेक शहरांत रांगा लागल्या होत्या.

पालकांनो, घरातल्या जुन्या ट्रंकेत एखादी तार असेल तर ती रद्दीत टाकू नका. मुलांनो, ती कोणी, कधी आणि कशासाठी केली होती हे आजी-आजोबांना विचारा आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवा. चार शब्दांच्या त्या कागदामागची हकीकत सांगणारी माणसे अजून घरात आहेत, तोवरच हे काम होण्यासारखे आहे.